पिठ्याला कोणी पाडलं?

धुळ्यात देवपूरच्या त्या गल्लीत दिपमालाचा राग चक्कीच्या आवाजावरून ओळखायचे. चक्की चालू ठेवून ती ओरडत असेल तर काळजीचं कारण नसे. पण तिने बटण बंद केलं, पट्टा फिरायचा थांबला आणि पदराने तोंडावरचं पीठ पुसत ती ओट्यावर आली, की रांगेतल्या बायका आपापले डबे जवळ ओढून गप्प उभ्या राहत. आज कोणाची तरी खैर नाही, हे सगळ्यांना समजे.

राग यायला तिला मोठं कारण लागत नसे, पण खोटं कारणही कधी नसे. सासरे गेल्यावर चक्की विकायची असं घरातल्या पुरुषांनी परस्पर ठरवलं होतं. नवरा रुपचंद एसटीच्या डेपोत मेकॅनिक, त्याला चक्कीचं काही सोयरसुतक नव्हतं. दिपमालाने चक्की विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ओट्यावरूनच परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बटण दाबलं. दगडाला टाकी लावायला माणूस मिळेना तेव्हा छिन्नी-हातोडा घेऊन तेही शिकली. तेव्हापासून दादर ज्वारीचं, बाजरीचं, उडीद घातलेल्या कळण्याचं दळण तिच्याच हातचं. राग नसता तर चक्की राहिली नसती, हे तिला ठाऊक होतं. म्हणून रागाबद्दल कोणी नाक मुरडलं की तिला आणखी राग यायचा.

ससा तिच्याकडे आला तोसुद्धा अशाच एका रागातून. शेजारच्या इमारतीतलं एक कुटुंब बदली होऊन नाशिकला निघालं. जाताना त्यांनी खोक्यात घालून तो आणून दिला. "दोनच दिवस ठेवा काकू, आम्ही घेऊन जातो." दोन दिवस गेले, दोन महिने गेले. मग त्यांनी फोन उचलणंच सोडून दिलं. "जिवंत जीव म्हणजे काय छत्री आहे, कोणाच्या घरी विसरून जायला?" असं दिपमाला गल्लीला ऐकवत राहिली आणि ऐकवता ऐकवता त्याला लसूणघास घालत राहिली. पांढराशुभ्र म्हणून त्याचं नाव पडलं पिठ्या.

पिठ्या घराच्या मागच्या अंगणात मोकळा असायचा. लिंबाच्या झाडाखाली त्याने स्वतःच खड्डा उकरून घेतला होता. मनासारखं झालं नाही, की तो मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटायचा. चारा उशिरा मिळाला, आपट. कोणी झाडू घेऊन जवळ आलं, आपट. दिपमालाला त्याची ती खोड फार आवडायची. "एवढुसा जीव, पण बघा कसा ठणकावून सांगतो," असं म्हणून ती हसायची. तिला हसताना बघायला मिळावं म्हणून मुलगी रूपाली मुद्दाम चारा उशिरा टाकायची.

रूपालीचं शिक्षण झालं होतं आणि स्थळं येऊ लागली होती. मार्चमधल्या एका रविवारी साक्रीहून पाहुणे आले. मुलगा नीलेश, पंपसेटच्या दुकानात वडिलांच्या हाताखाली शिकलेला, बोलायला चटपटीत. वडील तोताराम नाना, सोबत त्याची आई आणि एक मामा. घर बघितलं, चक्की बघितली, मुलगी बघितली. पोहे झाले, चहा झाला. नीलेशला फोन आला म्हणून तो बोलायला मागच्या अंगणात गेला, थोड्या वेळाने परत आला, हात धुतले आणि पुन्हा पोहे घेतले. जाताना नानांनी रुपचंदच्या खांद्यावर हात ठेवला. "आमना होकार समजा." दिपमालाही खूश होती. त्या संध्याकाळी तिने कोणावर आवाज चढवला नाही.

सोमवारी सकाळी ती चारा घेऊन मागे गेली, तर पिठ्या खड्ड्यापाशी नव्हता. पाण्याच्या पिंपामागून तो पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत येत होता. मागचे दोन्ही पाय एका बाजूला लोळत होते, जणू त्याचे नव्हतेच. शेपटीखालचे केस मुताने भिजून पिवळे झाले होते. घास समोर धरला तर त्याने नाक लावलं आणि तोंड फिरवलं.

"रूपाली! अगं, ह्याचे पाय बघ! ह्याला काय झालं?"

रूपाली दारात आली, बघितलं आणि काही न बोलता आत गेली. रुपचंद दात घासत आला. "उठी तो दोन रोजमा," तो म्हणाला. "जनावर शे. आपोआप बरं व्हस."

"तुमचा हात मोडला तर दोन दिवस असेच बसाल का तुम्ही?" दिपमालाने चक्कीला कुलूप घातलं, भाजीच्या टोपलीत जुनी गोधडी अंथरली, पिठ्याला अलगद तिच्यात ठेवलं आणि रिक्षा बोलावली.

पहिला दवाखाना गुरांचा होता. डॉक्टर लसीकरणाला गावांत गेले होते. तिथल्या माणसाने टोपलीत डोकावून बघितलं आणि विचारलं, "ससा? पाळायचा का खायचा?"

"काय म्हणालास?"

"तसं नाही बाई. बकरीचं औषध आहे, कोंबडीचं आहे. सशाचं इथे काही नाही. आणि पाय गेले म्हणजे आता काय, कापून टाका."

दिपमाला त्या आवारात अशी कडाडली, की सलाईन लावलेली एक म्हैस दावं तोडायला बघू लागली. "उद्या तुझ्या म्हाताऱ्याचे पाय गेले म्हणजे असंच सांगशील का? तुला माहीत नाही तर माहीत नाही म्हण. कापायची भाषा कोणाला शिकवतोस?" माणूस आत निघून गेला. कोणी तिला थांबवलं नाही, कोणी मदतही केली नाही.

दुसरा डॉक्टर कुत्र्या-मांजरांचा होता. तरुण पोरगा, पण सरळ. "मी सशांचं फार बघितलेलं नाही, खोटं कशाला सांगू," तो म्हणाला. त्याने पिठ्याला टेबलावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "हा पडला का कुठून? कोणी कान धरून उचललं वगैरे?"

"माझ्या घरात?" दिपमालाचा आवाज चढला. "माझ्या घरात ह्याला कोणी कान धरून उचलेल? कोणाची हिंमत आहे?"

"नाही म्हणजे, विचारावं लागतं."

"पडलेला नाही. मी सांगते ना. काल सकाळी चारा खाल्ला तेव्हा चांगला होता."

तिने ते इतक्या ठामपणे सांगितलं, की त्याने पुढे विचारलं नाही. मार लागलेला नाही, म्हणजे अशक्तपणा असेल किंवा मेंदूत शिरणारा एखादा जंतू असेल, असं धरून त्याने ताकदीचं इंजेक्शन दिलं. थोडं हिंडू-फिरू द्या, पाय मोकळे होतील, असंही म्हणाला. आणि जळगावच्या एका डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं, त्या ससे बघतात म्हणून.

दिपमालाने त्या दिवशी पिठ्याला अंगणात सोडलं. चाल रे, चाल बाळा, करत ती त्याच्या मागे मागे फिरली. तो जिवाच्या आकांताने पुढचे पाय मारत सरपटला आणि संध्याकाळी एका जागी डोळे मिटून पडला. त्याने काही खाल्लं नव्हतं. लेंडीही टाकली नव्हती.

मंगळवारी ती जळगावच्या बसमध्ये बसली. रुपचंद म्हणाला, "एवढा लांब कशाला?" रूपाली म्हणाली, "मम्मी, मी येऊ?" आणि मग तिनेच मान खाली घालून म्हटलं, "नको, राहू दे." दिपमालाचं लक्ष टोपलीत होतं. उन्हं तापायच्या आत पोचायचं म्हणून तिने टोपलीवर ओलं फडकं टाकलं होतं. पारोळ्याला कंडक्टर आला. "काय शे ताई टोपलीमा?"

"जीव शे," ती म्हणाली. तिचा चेहरा बघून तो पुढे सरकला.

डॉक्टर निलोफर यांचा दवाखाना एका गल्लीत, खालच्या मजल्यावर होता. बाई पन्नाशीच्या, बोलायला मोजक्या. त्यांनी पिठ्याला टेबलावर न घेता टॉवेल अंथरून जमिनीवरच घेतलं, म्हणजे उडी मारली तरी पडायला नको. आधी पोट चाचपलं, मग दात बघितले, मग मागच्या पायाची बोटं चिमट्याने हलकेच दाबली. उजवा पाय किंचित मागे ओढला गेला. डावा हलला नाही. एक्स-रे काढला आणि उजेडासमोर धरला.

"हा मार आहे," त्या म्हणाल्या.

"नाही डॉक्टर. ह्याला कोणी मारलेलं नाही."

"मारलं असं नाही म्हणत मी. सशाची हाडं फार हलकी असतात आणि मागच्या पायात जोर फार. कान धरून किंवा अर्धवट उचललं, की तो घाबरून पाय झाडतो आणि त्या झटक्यात त्याचाच कणा दुखावतो. नाहीतर हातातून सुटून कशावर तरी आपटतो. हे बघा, इथे मणका जागचा हललाय. सूज आहे. तुटलेला मात्र नाही."

"मी घरात होते. असं काही झालंच नाही."

निलोफर यांनी चष्मा काढला. "ताई, मी तुमच्या घरात नव्हते. मी फक्त हाडं बघतेय. पहिल्या डॉक्टरांना तुम्ही काय सांगितलं?"

"हेच."

"मग त्यांनी हिंडवायला सांगितलं असेल."

 आदल्या दिवशी अंगणात चाल रे, चाल रे करत आपण काय केलं, ते दिपमालाला कळलं.

डॉक्टरांनी दुखण्याचं आणि सुजेचं औषध दिलं. जंतूची शंका पूर्ण गेलेली नाही म्हणून त्याचंही दिलं. मग एकेक गोष्ट समजावून सांगितली. अगदी छोट्या जागेत ठेवायचा, उडी मारता येता कामा नये. खाली जाड, मऊ, कोरडं. उपाशी एक वेळही ठेवायचा नाही, सशाचं पोट थांबलं की पायांच्या आधी जीव जातो. खात नसेल तर चारा वाटून पिचकारीने भरवायचा. लघवी आपोआप होत नसेल तर ओटीपोट हलकेच दाबून काढायची. ते त्यांनी दिपमालाचा हात धरून करून दाखवलं. "चालेल का हा पुन्हा?" तिने विचारलं. "बोट दाबलं तेव्हा एक पाय ओढला ना, म्हणून मी औषध देतेय," त्या म्हणाल्या. "त्यापुढचं आज मला सांगता येणार नाही."

परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत तिने रविवार पहिल्यापासून आठवून काढला. कोण कुठे बसलं होतं, कोण कधी उठलं. फोन. मागचं अंगण. धुतलेले हात. आणि सोमवारी सकाळी दारात आलेली, काही न विचारता आत गेलेली रूपाली. पिठ्याला काय झालं, असं तिने विचारलंच नव्हतं.

घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. रुपचंद नुकताच ड्युटीवरून आला होता. दिपमालाने टोपली खाली ठेवली, चपलाही काढल्या नाहीत.

"रूपाली, बाहेर ये. रविवारी पिठ्याला कोणी पाडलं?"

रूपालीने बापाकडे बघितलं. तेवढं पुरे होतं. राग अनावर झाला की दिपमाला पुस्तकी मराठी सोडून माहेरच्या अहिराणीत शिरायची. "तुमले बठ्ठासले माहीत व्हतं?"

"मम्मी, मी स्वयंपाकघरातून बघितलं," रूपाली म्हणाली. "जाळीतून. नीलेश फोनवर बोलत होते. त्यांनी एका हाताने पिठ्याला कान धरून उचललं, फोनमध्ये कोणाला तरी दाखवायला. पिठ्याने पाय झाडले आणि सुटून धुण्याच्या दगडावर पडला. मग..."

"मग काय?"

"मग त्यांनी इकडे तिकडे बघितलं. आणि पायाने त्याला पिंपामागे सरकवलं. आणि आत आले."

"आणि तू त्याला पोहे वाढलेस."

रूपालीचे डोळे भरून आले. "वाढले."

"मी सांगं व्हतं तिले, गप ऱ्हाय," रुपचंद मध्ये बोलला. "तिने माले लगेच सांगं. मी म्हनं, पाव्हणा घरमा शेत. तुना रागले भियीसन गप बसनूत आम्ही. तू तमाशा करती, सोयरीक तुटती. ससा काय, उठी असं वाटनं."

 आजवर ह्या माणसावर दिपमाला शेकडो वेळा ओरडली असेल, पण आता जे आतून वर आलं त्याला ओरडता येत नव्हतं. आवाज खालीच राहिला आणि त्याने रुपचंद जास्त घाबरला.

"माझ्या रागाचं नाव पुढे करू नका," ती म्हणाली. "मी रागावते ते तोंडावर. मागून कधी कोणाचं काही लपवलंय का मी? डॉक्टर मला विचारत होता, पडला का, पडला का. मी त्याच्यावर ओरडले. माझ्या घरात असं होत नाही म्हणाले. माले खोटं बोलाले लायं तुम्ही! आणि त्या खोट्यावर त्याने औषध दिलं, आणि मी मोडलेल्या पाठीचा जीव अंगणभर पळवला. माझ्या ह्या हातांनी. रविवारी सांगितलं असतं तर रविवारीच उचलला असता ना मी त्याला? पाहुणे गेल्यावर सांगितलं असतं! सोमवारी सांगितलं असतं! मी रिक्षात बसत होते तेव्हा तरी?"



तिने साक्रीला फोन लावला. नानांनी उचलला. तिने झालं ते सगळं सांगितलं. नाना आधी हसले, मग वरमले, मग चिडले. "ताई, ससाकरता सोयरीक मोडतस का तुम्ही? लोक काय म्हणतीन?"

"मी अजून काही मोडलेलं नाही नाना. नीलेशला फोन द्या."

नीलेश आला. "मावशी, तो स्वतःच उडाला हातातून. मी काही मुद्दाम पाडलं का? आणि तेव्हा तर त्याला काही झालेलं दिसत नव्हतं."

"हातातून सुटतं. कोणाच्याही सुटतं. त्याचा मला राग नाही. काही झालेलं दिसत नव्हतं, तर पायाने पिंपामागे का सरकवलास?"

 तो म्हणाला, "मावशी, पहिल्याच दिवशी कशाला उगाच विषय, असं वाटलं."

दिपमालाने फोन रूपालीपुढे धरला. "घे. तुला ह्याच्याशी बोलायचं असेल तर बोल. मी मध्ये येणार नाही. लग्न तुझं आहे."

रूपालीने फोन घेतला नाही. मान हलवली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी ती बापाला म्हणाली, "पप्पा, साक्रीला नकार कळवा. मम्मीला कळवायला लावू नका. तुम्ही कळवा." रुपचंद काहीतरी बोलणार होता, पण मुलीच्या चेहऱ्याकडे बघून त्याने फोन हातात घेतला.

मग पिठ्याचं आजारपण सुरू झालं. चक्कीच्या मागच्या खोलीत, जिथे पीठ उडत नाही अशा कोपऱ्यात, भाज्यांचा प्लास्टिकचा क्रेट आला. त्यात गोधडीची घडी आणि वर जुन्या सुती साडीचे तुकडे, भिजले की बदलायला. दिपमाला लसूणघास आणि कोथिंबीर खलबत्त्यात वाटून पिचकारीने भरवायची. पिठ्या पहिल्यांदा ते सगळं तिच्या तोंडावर थुंकला. तिसऱ्या दिवशी क्रेटमध्ये दोन-चार लेंड्या दिसल्या, तेव्हा ती चक्कीवरच्या बायकांना सांगत सुटली. काहींनी तोंडावर पदर धरला. ज्यांनी धरला त्यांचे चेहरे तिने लक्षात ठेवले.

रुपचंदशी ती बोलत नव्हती. जेवण वाढायची, डबा भरायची, पण शब्द नाही. ओटीपोट दाबून लघवी काढायचं काम मात्र त्याने आपण होऊन अंगावर घेतलं. पहिल्या दिवशी त्याच्या हाताला येईना. इंजिनाचे नट सोडवणारी ती बोटं, किती जोर द्यायचा त्यांना कळत नव्हतं. रूपालीने शेजारी बसून दाखवलं. नंतर तो ड्युटीवर जायच्या आधी आणि आल्यावर न चुकता क्रेटपाशी बसायचा.

नात्यात बोभाटा व्हायचा तो झालाच. सशापायी पोरीचं स्थळ घालवलं, अशी बाई घरात असल्यावर पोरीला कोण करणार, असं रुपचंदच्या बहिणीने, शेवंताबाईने, एका बारशात सगळ्यांसमोर म्हटलं. दिपमाला ताटावरून उठली नाही. भाकरीचा घास तोंडात होता तो तिने नीट चावून गिळला. "अक्का," ती म्हणाली, "उद्या तुमची ही भाची त्या घरात पाय घसरून पडली असती, आणि नीलेशने तिलाही पिंपामागे सरकवलं असतं तर?"  रूपाली शेजारीच बसली होती. तिने आईच्या ताटात आपल्या ताटातला लोणच्याचा तुकडा ठेवला.

आंब्याचे दिवस आले तेव्हा पिठ्याच्या उजव्या पायाने जमीन धरली. डावा मात्र बाहेरच्या बाजूला फाकलेलाच राहिला. डॉक्टर निलोफर यांनी फोनवर चित्रफीत बघून सांगितलं, की एवढं आलं हेच खूप झालं, यापुढे तो असाच तिरका चालेल. दिपमालाला ते ऐकून आनंदही झाला आणि संतापही. रविवारी कळलं असतं तर दुसराही आला असता का, हे तिने विचारलं. "आला असता किंवा नसता," डॉक्टर म्हणाल्या. "ह्याचं उत्तर कोणाकडेच नाही ताई." उत्तर नाही, हेच तिला सगळ्यात जास्त खुपत राहिलं. कोणावर किती रागवायचं, त्याचा तिला हिशेब लागत नव्हता.

एका सकाळी चक्कीवर दादरीचं दळण चालू होतं. मागच्या खोलीत रुपचंद पिठ्याला मांडीवर आडवा घेऊन कोमट पाण्याच्या कापसाने त्याच्या शेपटीखालचे केस पुसत होता. सुपातली ज्वारी खालच्या डब्यात पीठ होऊन पडत होती. दिपमालाने दारातून बघितलं. त्याचा हात आता हलका झाला होता, पण पुसून झाल्यावर तो ओला कापूस तसाच पोटाखाली राहिला होता.

"ओलं ठेवू नका तिथे!" ती चक्कीच्या आवाजाच्या वरताण ओरडली. "कातडी सोलली जाते. कितीदा सांगायचं?"

तिने त्याला ते एकदाही सांगितलेलं नव्हतं. रुपचंदने वर बघितलं आणि सुती साडीचा कोरडा तुकडा ओढून घेतला.